नव्वद लाख दाब

ज्या माणसानं आपल्या नवऱ्याला जिवंतपणी गाडलं, त्याच माणसाच्या कारखान्यात सारिका मगदूम गेली अकरा वर्षं रोज सकाळी आठ वाजता कामाला जात होती. लोकांना वाटायचं, बाई गरजवंत, काय करणार. मालक प्रतापराव खराड्यांना वाटायचं, बाई उपकार स्मरते. दोघांचाही अंदाज साफ चुकीचा होता. सारिका तिथं वाट बघत होती. नक्की कशाची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण ज्या दिवशी ते समोर येईल त्या दिवशी आपण सुट्टीवर असता कामा नये, एवढं तिनं ठरवलं होतं.

कुपवाडच्या एमआयडीसीतला ‘खराडे स्प्रिंग्ज’ हा कारखाना इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बनवायचा. रस्त्यावरच्या गाड्या बॅटरीवर गेल्या तेव्हा हा धंदा आता बसणार असं भले भले सांगत होते. मग हायड्रोजन जाळणारी इंजिनं आली. मालट्रक, ऊसतोडणीची यंत्रं, पुरातल्या बोटी, जिथं तासन्‌तास जोर लागतो आणि चार्जिंगला थांबायला सवड नसते, तिथं ती बसली आणि खराड्यांचं पुन्हा बरं चाललं.

बारा वर्षांपूर्वीच्या पुरात, चौथ्या दिवशी, प्रतापरावांनीच सांगलीला भेट दिलेली बचावाची बोट भर प्रवाहात बंद पडली आणि पुलाच्या खांबावर आदळली. नऊ माणसं गेली. इंजिन उघडल्यावर एक व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटलेली सापडली. प्रतापरावांनी कॅमेऱ्यासमोर डोळे पुसले आणि सांगितलं की स्प्रिंगा कणखर करणाऱ्या पीनिंगच्या यंत्रावरच्या ऑपरेटरनं घरी लवकर जाण्यासाठी वेळेत काटछाट केली. तो ऑपरेटर म्हणजे नेमगोंडा मगदूम, सारिकाचा नवरा.

नेमगोंडा हा जेवणाच्या सुट्टीतही यंत्राच्या शेजारीच डबा उघडणारा माणूस. काटछाट त्याच्या स्वभावात बसणारी नव्हती. पण ते सिद्ध करायला त्याच्याजवळ कागद नव्हता आणि प्रतापरावांजवळ वकील होता. दोन वर्षं तो आत होता. बाहेर आला तो गप्पच आला. अकरा महिने घरात भिंतीकडं बघत बसला आणि एका दुपारी बसल्या जागी गेला. तिरडीला चार खांदे जमवताना सारिकाच्या भावाला दोन गल्ल्या फिरावं लागलं.

नवरा तुरुंगात असतानाच प्रतापरावांनी सारिकाला तपासणी विभागात नोकरी दिली. पेपरात फोटो आला, ‘मोठ्या मनाचा मालक’ असा. फोटोत सारिकाचे हात जोडलेले आहेत. ते एकमेकांत इतके घट्ट का धरले होते, हे काही फोटोत दिसत नाही. तेव्हापासून प्रतापराव तिला चारचौघांत ‘वहिनी’ म्हणायचे. त्या एका शब्दासाठी ती त्यांना मरेपर्यंत माफ करणार नव्हती.

कारखान्यात खंडेनवमी जोरात व्हायची. यंत्रं बंद, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. तपासून, पीनिंग करून तयार झालेल्या, एका इंजिनाला पुरतील अशा सोळा स्प्रिंगा तांब्याच्या परातीत मांडल्या जायच्या. प्रतापराव सोवळं नेसून बसायचे, अंगठा पाण्यात बुडवून कुंकवात टेकवायचे आणि एकेका स्प्रिंगेवर दाबायचे. मग त्या सोळा लाल कापडात बांधून त्यांच्या कपाटात जायच्या. पूजेच्या स्प्रिंगा विकायच्या नाहीत, एखाद्या शुभकार्याला वापरायच्या. आणि देवापुढं ठेवलेला माल पुन्हा तपासायचा नाही. ही रीत त्यांच्या वडिलांच्या वेळची. त्यात विचारण्यासारखं काही असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सारिका शेवटच्या रांगेत उभी असायची. विधवेनं मागं उभं राहावं असं तिला कुणी कधी म्हणालं नाही. पुढं जागा मात्र कधीच शिल्लक नसायची.

जानेवारीत कारखान्यात नवं यंत्र आलं, आणि त्याच्याबरोबर पुण्याहून श्रेयस देशिंगकर नावाचा तिशीतला इंजिनिअर.

तार हातानं इकडून तिकडं वाकवत राहिलं की ती तुटते, हे प्रत्येकानं लहानपणी करून पाहिलेलं असतं. जोर फार लागत नाही, फक्त पुन्हा पुन्हा लागतो. पोलादाच्या या दुखण्याला थकवा म्हणतात. इंजिनातली स्प्रिंग मिनिटाला दोन हजार वेळा दबते आणि सुटते. तिच्यात कुठंतरी एखादी खोट असते: पोलाद वितळताना आत राहिलेला मळीचा कण, नाहीतर अंगावरचा ओरखडा. तिथून केसाहून बारीक चीर सुरू होते, दर दाबाला सूतभरही नाही इतकी पुढं सरकते, आणि एके दिवशी तार तुटते. यावरचा उतारा म्हणजे पीनिंग. मोहरीएवढ्या पोलादी गोळ्यांचा मारा करून स्प्रिंगेची वरची कातडी ठोकून आवळून टाकायची. चिरेला उघडायला ताण लागतो, आणि आवळलेल्या कातडीत तो तिला मिळत नाही.

तरीही एकाच तारेच्या दोन स्प्रिंगांपैकी एक दुसरीच्या दहापट जगायची आणि कारण कुणाला सांगता यायचं नाही. शंभर तोडून बघायच्या आणि बाकीच्यांबद्दल अंदाज करायचा, अशीच पद्धत होती. श्रेयसच्या यंत्रानं ती मोडीत काढली. ते प्रकाशाचे बारीक टोले मारून स्प्रिंगेचा नाद ऐकायचं. निर्दोष पोलाद ज्या सुरात टोला बसेल त्याच सुरात उत्तर देतं; चिरेची नुसती सुरुवात झाली असली, तरी त्यात दुप्पट उंचीचा एक पुसट सूर मिसळतो. तो सूर, कातडीतला आवळ, आतले मळीचे कण, अंगावरचे खड्डे, सगळं जमेला धरून यंत्र एक आकडा द्यायचं. ही स्प्रिंग इतके दाब सोसेल. एक टक्का इकडं किंवा तिकडं.

यंत्राचं नाव ‘आयुर्मापक’ होतं. कामगारांनी दोन दिवसांत त्याची ‘वैद्यबाई’ केली. पॅकिंगमधल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, सासूला एकदा बसवून घे गं हिच्यासमोर, म्हणजे नियोजन करता येईल.

सहा महिन्यांत धंद्याची चालच बदलली. प्रत्येक स्प्रिंग आपला आकडा घेऊन जन्माला येऊ लागली. मालट्रकवाले आकडा संपण्याच्या आदल्या आठवड्यात ती बदलून टाकू लागले. रस्त्यात इंजिन बसणं हा प्रकार जवळजवळ संपला. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. मरणाचा आकडा ज्याच्या हातात आहे, त्याला ते मरण कुणाच्या घरी पाठवायचं हेही ठरवता येतं.

सारिकाच्या डोक्यात ते फेब्रुवारीतच आलं होतं.

यंत्राला शिकवण्यासाठी तुटलेल्या स्प्रिंगा लागत होत्या. प्रतापराव म्हणाले, “गोडाऊनमध्ये जुन्या तुटक्यांचा खोका आहे, घेऊन जा.” त्या खोक्यात काय काय आहे हे ते विसरून गेले होते. माणसं आपल्या वाईट गोष्टी विसरतात ती अशीच, रद्दीबरोबर. खोक्याच्या तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत तुटलेल्या स्प्रिंगेचे दोन तुकडे आणि प्रयोगशाळेचा एक पिवळा पडलेला कागद. कागदावर बोटीचा नंबर होता. खाली लिहिलं होतं: तुटण्याची सुरुवात, पृष्ठभागावरील गंजाचा खड्डा. पीनिंगचा थर, प्रमाणानुसार पूर्ण. ‘पोचला’ म्हणून सही प्रतापरावांची, आणि तारीख नेमगोंडाच्या अटकेच्या आठ दिवस आधीची.

सारिकानं तुकडा यंत्रात ठेवला. आवळलेल्या थराची खोली टोकापासून टोकापर्यंत एकसारखी आली. बारा वर्षांपूर्वी नेमगोंडानं मारलेला तो मारा, कुठं एक दाणा कमी नाही. तिला रडू आलं नाही. हातातली पकड टेबलावर नीट सरळ ठेवली तिनं, आणि मनातच मालकाला म्हणाली, आता तू माझा.

“काकू,” सूक्ष्मदर्शकातून बघत श्रेयस म्हणाला, “ह्या खड्ड्यात तांबडं काय आहे? गंजाचा रंग असा नसतो.”

सारिकानं डोळा लावला आणि तिला परात दिसली. ओला अंगठा, कुंकू, लाल कापड, आठ-दहा महिने बंद कपाट. बचावाची बोट भेट देणं हे शुभकार्यच होतं.

खात्री करायला तिनं वीस चांगल्या स्प्रिंगा घेतल्या. दहांना तसंच ओल्या अंगठ्यानं पूजेच्याच पुडीतलं कुंकू लावलं आणि लाल फडक्यात बांधून आपल्या कपाटात ठेवलं. नवरा गेल्यापासून तिनं पहिल्यांदाच कुंकवाला हात लावला होता. तीन महिन्यांनी सगळ्या पुसून, तेल लावून यंत्रात ठेवल्या. वरून बघितलं तर वीसही चकचकीत. पण साध्या दहांचं आयुष्य एकतीस कोटी दाबांच्या आसपास आलं, आणि कुंकवाच्या दहांचं एक कोटीच्या. त्या पुडीतल्या कुंकवात मीठ निघालं, अंगठ्याच्या घामात तर ते असतंच. ओल आणि मीठ मिळून पोलादाला सुईच्या टोकाएवढा खड्डा पाडत होते, आणि तो आवळलेल्या कातडीच्या पार खाली जात होता. पीनिंग कितीही चोख असो, चिरेला आयतं दार मिळत होतं.

श्रेयस हादरला. “काकू, हे मालकांना आजच्या आज सांगायला पाहिजे.”

“सांगायचंच हाय,” सारिका म्हणाली. “कवा ते मी ठरवते. माझा नवरा गेलाय ह्यात, तुझा कोन न्हाई.”

श्रेयसनं आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. तो मुलासारखा तिच्या डब्यातलं खायचा, तिच्यावर विश्वास ठेवायचा. तिनं त्या विश्वासाचाही हिशेब करून ठेवला होता.

कोर्टात जाण्याचा विचार तिनं केला नाही असं नाही. प्रतापराव चौऱ्याहत्तरचे होते. तारखा पडत राहिल्या असत्या, ते आपल्या पलंगावर आपल्या माणसांत मेले असते, आणि शहरानं दुकानं बंद ठेवली असती. सारिकाला ते नको होतं. तिला हा माणूस पाण्यात पाहिजे होता.

संधी प्रतापरावांनीच दिली. पुराला बारा वर्षं झाली म्हणून ऑगस्टमध्ये शहराला नवी बोट भेट द्यायची ठरली. जुन्या अपघातानंतर त्यांनी एक प्रघात पाडला होता: भेट दिलेल्या बोटीची पहिली फेरी मालकानं स्वतः, एकट्यानं मारायची, म्हणजे लोकांना भरवसा वाटतो. जाकीट ते घालत नसत. फोटोत हार झाकला जातो. बोटीचं इंजिन खराड्यांच्याच चाचणीच्या बेंचवर चालवून बघायचं होतं, आणि त्यात स्प्रिंगा अर्थातच पूजेच्या.

“पूजेच्या बाजूला ठेवल्या, नव्या बसवल्या,” सारिकानं श्रेयसला सांगितलं. ती खोटं बोलली, आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या सोळाही वैद्यबाईपुढं ठेवून घेतल्या होत्या. सगळ्यांत अधू निघाली तिचा आकडा होता नव्वद लाख.

तासाला एक लाख वीस हजार दाब. नव्वद लाख म्हणजे पंचाहत्तर तास. एक टक्का म्हणजे पाऊण तास. बेंचवर इंजिन पन्नास ते ऐंशी तास चालवायचं असा नियम होता, आणि नेमके किती ते सारिकाच्या हातात होतं. तिनं चौऱ्याहत्तर तास दहा मिनिटं चालवलं. इंजिनाशेजारी खुर्ची टाकून ती बसून राहिली, डबा खाल्ला, आणि एका स्प्रिंगेचं आयुष्य मिनिटामिनिटानं खर्च होताना ऐकत राहिली. शेवटी उरलं ते कमीत कमी पाच मिनिटं, जास्तीत जास्त पंचाण्णव. फेरी वीसच मिनिटांची, पण याहून जवळ गेलं तर ती बेंचवरच तुटण्याची भीती होती. इतकं समाधान तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

“एवढे तास कशाला, काकू?” श्रेयसनं शीटवर सही करताना विचारलं.

“पुरात चालायची बोट हाय. खात्री नको?”

बोट ट्रेलरवरून घाटावर गेली. त्या दिवशी कृष्णेचं पाणी पात्रातच होतं, पण वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यानं ओढ चांगली होती. मांडव, माईक, हार. मेलेल्या नऊ जणांच्या घरची माणसं पहिल्या रांगेत बसवलेली. सारिका पायऱ्यांवर, नेहमीप्रमाणे मागं.

प्रतापराव माईकपाशी आले. “गुडघे आता माझं ऐकत नाहीत,” ते हसून म्हणाले. “आणि मनातलं सांगू? पहिल्या फेरीचा मान माझा नाहीच. तो ह्या नऊ घरांचा आहे. त्यांनी बसावं, मी इथून हात जोडून बघेन.”

टाळ्या पडल्या. अग्निशामक दलाचा एक जवान चालवायला पुढं झाला. नऊ माणसं एकमेकांचा हात धरून बोटीत उतरू लागली.

सगळ्यांत पुढं आक्काबाई कोळी होत्या. त्यांचा थोरला मुलगा त्या पुरात गेला होता. नेमगोंडाची तिरडी निघाली तेव्हा याच आक्काबाई आपल्या दारातून ओरडल्या होत्या की ह्याची राखसुद्धा नदीत टाकू नका. सारिकाला ते शब्द जसेच्या तसे आठवत होते. एक क्षण तिला वाटलं, जाऊ देत. सगळेच जाऊ देत.

मग तिची नजर मांडवाकडं गेली. प्रतापराव हात जोडून उभे होते. पुन्हा नऊ माणसं पाण्यात आणि हा कोरडा. ते तिला सहन होईना. दया आली ती नंतर. आधी तिला पायऱ्या उतरायला लावलं ते रागानंच. ही गोष्ट तिनं पुढं कुणापासूनही लपवली नाही.

तिनं बोटीत पाय टाकला, जवानाच्या हाताखालून किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, “उतरा सगळी. ह्या इंजिनाची स्प्रिंग तुटणार हाय. पाच मिनिटांत तुटंल, न्हाईतर तासाभरात. पन तुटणार.”

 प्रतापराव दोन पायऱ्या खाली आले. आवाजात अजून माया होती. “वहिनी, आजच्या दिवशी असं अभद्र बोलू नये. पूजेच्या स्प्रिंगा आहेत त्या. माझ्या हातानं कुंकू लावलेल्या.”

“त्यामुळंच तुटणार. तुमच्या ओल्या अंगठ्यानं पोलादाला खड्डा पडतोय. बारा वर्षांमागं तोच खड्डा पडला हुता, तीबी पूजेचीच हुती. यंत्रावर धा-धा बघितल्यात मी.”

लोकांत कुजबुज झाली. प्रतापरावांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर श्रेयसवर थांबली. फार वेळ लागला नाही त्यांना. सवयीचा हात सवयीच्या जागी जातो तसंच झालं. “टेस्टिंगच्या शीटवर सही कुणाची आहे?” ते माईकशिवायही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. “देशिंगकर, तुमची ना? दोष होता तर पास कशी केलीत बोट?”

श्रेयसचा चेहरा पांढरा पडला. तो सारिकाकडं बघत होता, आणि त्याला आत्ता कुठं उलगडा होत होता. तसाच चेहरा सारिकानं एकदा पोलीस गाडीच्या जाळीमागं बघितला होता. ते पोर आत्ता ज्या खड्ड्याच्या काठावर उभं होतं, तो खणला होता तिनं.

“सही त्याची, काम माझं,” ती म्हणाली. “पूजेच्या काढल्या म्हणून मी त्याला फसवलं. आकडा मला म्हाईत हुता. बेंचवर मोजून चौऱ्याहत्तर तास मी चालवलं, फेरीत तुटावी म्हणून. पहिली फेरी तुमची असतीया मालक. मी तुम्हाला बुडवायला बसले हुते.”

“ऐकलंत?” प्रतापराव लोकांकडं वळले. “खून करायला निघालेली बाई आहे ही. हिचं काय खरं मानायचं?”

“नका मानू.” सारिका फळीवर बसली. किल्ली तिनं खाचेत घातली आणि समोरची जागा हातानं पुसली. “ह्या माणसांना उतरू द्या, आन्‌ तुम्ही या. आपुन दोघंच जाऊ. स्प्रिंग चांगली असंल तर वीस मिनिटांत परत येतो, मग मला धरून द्या.”

नऊ माणसं उतरली. आक्काबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या, प्रतापरावांकडं वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “बस की परताप. तुझ्या हातचं कुंकू हाय.”

सगळा घाट बघत होता. प्रतापराव खाली आले. त्यांनी एक पाय बोटीत ठेवला. बोट त्यांच्या वजनानं कलली, पाण्यानं तिला बाहेर ओढलं, दोर ताणला. वीसेक हातांवर पुलाचा खांब होता आणि त्याच्याभोवती पाणी वळसे घेत होतं. त्यांनी बोटीचा काठ धरला. सारिका त्यांच्या डोळ्यांत बघत होती आणि त्यांना कळत होतं की ही बाई खरंच येणार आहे, आपल्यासोबत, खांबापर्यंत.

त्यांनी पाय मागं घेतला.

सारिकानं पिवळा कागद काढून आक्काबाईंच्या हातात दिला. “ह्यावर त्यांची सही हाय. काय लिवलंय ते त्यांच्याच तोंडानं ऐका.”

कागद प्रतापरावांपुढं धरला गेला. त्यांनी तो खालच्या सहीपर्यंत वाचला. मान वर न करता त्यांनी तोंड उघडलं. “पीनिंग बरोबर होतं.”

“कुनाचं?” सारिकानं विचारलं.

“मगदूमचं.”

“नाव घ्या.”

“नेमगोंडाचं,” प्रतापराव म्हणाले. “नेमगोंडा मगदूमचं पीनिंग बरोबर होतं. मला माहीत होतं.”

आक्काबाई मटकन पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. प्रतापरावांच्या अंगावरचा हार कुणीतरी ओढून तोडला. श्रेयस एकटाच वरच्या पायरीवर पाठ करून उभा होता. सारिकानं त्याला हाक मारली नाही. तिला हलकं वाटत होतं, अगदी पोटातून हलकं. बारा वर्षांत पहिल्यांदा. पोलीस आले तेव्हा तिनं स्वतःहून हात पुढं केले.

तीन दिवसांनी पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर शबाना नदाफ तिचा जबाब पुरा करायला बसल्या. शेजारच्या खोलीत प्रतापरावांचे वकील येरझाऱ्या घालत होते.

“तुमचं म्हणणं तपासायला इंजिन पंचांसमोर बेंचवर चालवलं,” नदाफबाई म्हणाल्या. “स्प्रिंग तुटली.”

“किती मिनिटांनी?”

“अडतीस.”

सारिकानं मनातल्या मनात आकडा ताडून बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे पहिल्या फेरीत तुटलीच नसती.”

“नाही. पहिली वीस मिनिटांची होती. खराडे बसले असते तर सुखरूप परत आले असते.” नदाफबाईंनी घाटावरच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका पुढं सरकवली. “ही तुम्ही वाचली नव्हती?”

“पयली ओळ वाचली हुती.”

पहिल्या ओळीत प्रतापरावांचं नाव होतं. बारा वर्षं ती तेच एक नाव वाचत आली होती, त्याच्या खाली काही छापलेलं असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तिनं खालची ओळ वाचली. दुसरी फेरी, वीस मिनिटं, प्राथमिक शाळेतली चौथीची मुलं, एकूण अठरा.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. पत्रिका पुन्हा घडीवर घडी करून टेबलावर ठेवताना तिचे हात तिला आपले वाटेनात.

“हे माझ्या जबाबात घाला,” ती म्हणाली.

नदाफबाईंनी पेन खाली ठेवलं. “त्याची गरज नाही, मगदूमबाई. मुलांचं तुम्हाला माहीतच नव्हतं.”

“कुंकवाचं त्यालाबी म्हाईत नव्हतं,” सारिका म्हणाली. “लिवा.”